पावडरचा डबा आणि माझा फोटो

मैत्रिणींनो, आज दुपारी शाळेतली एक जुनी मैत्रीण बाळापूरला माझ्या घरी आली. नाव लिहीत नाही. बऱ्याच वर्षांनी आली, म्हणून आधी आनंदच झाला.

“किती बारीक झालीस गं! काय खाऊन राहिली?”

मी खरं तेच सांगितलं. रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर, ताटात भाजी जास्त, चहा बिनसाखरेचा. वजन हळूहळू उतरलं, वर्ष गेलं त्यात. पण तिचं लक्षच नव्हतं.

“तुझा जाड असतानाचा फोटो हाय का?”

“काहून?”

“सहज.”

मला तिथंच शंका आली. मग तिनं पिशवीतून वजन कमी करायच्या पावडरचा डबा काढला.

“हा हातात धर, एक फोटो काढते.”

“अगं, मी ही पावडर चाखलीबी न्हाई.”

“लोकायला काय कळतंय?”

मी डबा परत दिला. चहा तसाच ठेवून ती निघून गेली. वाईट वाटलं, एका बाकावर बसायचो आम्ही.

आता धाकधूक वेगळीच आहे. मी इथं टाकलेले जुने-नवे सगळे फोटो तिला दिसतात. त्या डब्याशेजारी माझा चेहरा कुठं दिसला, तर मला लगेच कळवाल ना?