सात खळग्यांचा दगड

डोंग्यात बसणाऱ्याला धनीराम एकच सूचना देतो. "तिकडं गेल्यावर गप्प नोका राहू जी." मला ती पहिल्याच दिवशी खटकली. जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली, तिथे जरा जोरात बोललं तरी साहेब डोळे वटारायचा. आणि इथे तोंड उघडायची सक्ती! पण डोंगा काठापासून सुटला होता, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

वैनगंगेवर धरण झालं, पाणी मागे मागे पसरत आलं आणि मोहटोला नावाचं गाव त्यात गेलं. गावामागच्या तीन डोंगऱ्या तेवढ्या वर राहिल्या. आता सगळे त्यांना बेटं म्हणतात, धनीराम मात्र अजून डोंगऱ्याच म्हणतो. तिन्हींवर फार जुन्या माणसांच्या खुणा आहेत. लिहिणंवाचणं कोणाला ठाऊक नव्हतं त्या काळातल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांभोवती मोठाले धोंडे गोल मांडून ठेवले, ते अजून जागच्या जागी आहेत. ते बघायला आठवड्यातून चार-दोन माणसं येतात आणि धनीराम त्यांना अडीच तासांत फिरवून आणतो.

तो जातीचा नावाडी नव्हे. धानाचा शेतकरी. शेत पाण्यात गेल्यावर पन्नाशी उलटून वल्हं हातात घेतलं. डोंगा वळवताना अजून तोंडानं च्यक् च्यक् करतो, बैलाला करावं तसं. मासेमारी करणारी पोरं त्यावरून त्याला हसतात, आणि तोही हसतो.

पहिल्या खेपेला माझ्यासोबत भंडाऱ्याचं एक मास्तर-मास्तरीण जोडपं होतं. धाकट्या डोंगरीवर पाण्यात अर्धा बुडालेला एक उभा दगड पाहिला. मधल्या डोंगरीवर चार शिळा उभ्या आणि त्यांच्यावर पाचवी आडवी, एवढीच एक खोली. मास्तरांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"जुन्या लोकायनं."

"कशासाठी?"

"तेयले वाटलं असन."

झाली माहिती. मी कपाळाला हात लावला. असल्या ज्ञानासाठी भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून पहाटेची एसटी धरली होती मी.

थोरल्या डोंगरीवर मात्र त्याचं रूपच बदललं. तिथे धोंड्यांची नऊ वर्तुळं आहेत. सगळ्यात मोठ्या वर्तुळाच्या मधोमध एक काळा, सपाट दगड आहे, वर वाटीएवढे सात खळगे. धनीरामनं आम्हाला त्या दगडाभोवती बसवलं. पाणी प्यायला दिलं. म्हणाला, "बसा जी पाच-धा मिनटं. बोला आता."

"काय बोलायचं?"

"काईबी. घरचं, भाजीपाल्याचं."

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. शेवटी मास्तरीणबाईंनी नणंदेच्या लग्नात झालेल्या अपमानाचा विषय काढला आणि मास्तर खवळले. दोघांची चांगली जुंपली. धनीराम बाजूला उकिडवा बसून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, याचा एखादा स्क्रू ढिला आहे. मी मात्र गप्पच राहिलो. एकट्या माणसाची जीभ अशी हुकमावर सुटत नाही. घरी बोलायला कोणी नाही, लग्न केलं नाही, तेव्हा सवयच राहिली नाही. त्याऐवजी मी त्या दगडाचे फोटो काढले.

आणि तिथेच शहाणपणा केला. फोटो चंद्रकुमारला पाठवले. चंद्रकुमार माझ्या शेजारच्या घरात वाढलेला, आता नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याचा फोन तासाभरात आला. "काका, सात खळगे! आणि वर्तुळाच्या मध्यावर! सप्तर्षी असू शकतात, काका. असला दगड आपल्या भागात कोणी नोंदवलेला नाही." कॉलेजचं नवं संग्रहालय उभं राहत होतं. परवानगी काढून दगड तिथे आणायचा, म्हणाला, आणि पाटीवर शोधणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव. निवृत्त झाल्यापासून मला गॅसवाल्याखेरीज कोणाचा फोन येत नाही. मी फुगलो नसतो तर नवल.

बातमी सांगायला जानेवारीत मी एकटाच गेलो. थोरल्या डोंगरीवर बसल्यावर मी ऐटीत नागपूरच्या संग्रहालयापासून सगळं सांगायला सुरुवात केली. सप्तर्षी म्हटल्यावर धनीराम माझ्याकडे बघतच राहिला.

"आनंदराव जी, तो जुना दगड नोहे. तो आमच्या सत्यभामेचा हाय."

सत्यभामाबाई म्हणजे त्याची बायको. मोहटोल्यात अंगणात हा दगड होता. उन्हाळ्यात मोहाच्या बिया, टोऱ्या, यायच्या. तेल काढण्याआधी त्या फोडाव्या लागतात. गल्लीतल्या बाया तिच्याच अंगणात जमायच्या. सहा बाया आणि ती सातवी, पंचवीस उन्हाळे एकाच दगडाभोवती. प्रत्येकीचा खळगा ठरलेला. धनीराम बोटानं दाखवत गेला. "हा ताराबाईचा. हा गुड्डीच्या मायचा. हा रीताच्या आजीचा, ते जोरानं हाने, म्हनून खोल हाय. हा मधातला सत्यभामेचा. काम कमी अन् बोलनं जास्त, साऱ्या गावाची पंचाईत इथी. तिले मानसं लागत जी. घरात येकटी बसली का म्हने, मले कान बसल्यासारखं वाटते."

गाव उठायच्या वर्षीच ती तापानं गेली. त्यांच्या गावची रीत अशी की बाई गेली म्हणजे तिचा रोजच्या कामाचा दगड तेरवीनंतर नदीवर न्यायचा आणि अग्नी दिला तिथे ठेवायचा. पाण्याजवळ ठेवायचा, पण पाण्यात जाऊ द्यायचा नाही. रीत घालणाऱ्यांच्या काळी नदी जागेवर राहायची. धनीरामनं दगड काठावर ठेवला आणि दुसऱ्या वर्षी पाणी दगडापर्यंत आलं. त्यानं तो वर सरकवला. पुढच्या साली धरणात आणखी पाणी अडवलं. पुन्हा वर. असं चारदा झालं. पहिल्यांदा बैलगाडीत घातला, मग गडगड्या लाकडांवरून, शेवटी एकट्यानं सब्बल, म्हणजे पहार, लावून, हात-हातभर सरकवत, दोन दिवस. डोंगरीचा माथा आला तिथे हे वर्तुळ होतं. त्याच्यापुढे न्यायला जागाच नव्हती.

"गाववाले तीन जागी गेले. त्या साऱ्या बाया कोठी कोठी गेल्या. मंग इचार केला, आपल्याच्यानं त रोज बोलनं होत नाई. मी बोललो तरी काय, दोन शब्द. लोक या जुन्या गोट्या पाहाले येतेत, त तेयले आनत जाऊ. घडीभर तिच्यापाशी बसतीन, बोलतीन."

मी खळग्यांकडे बघत बसलो. म्हणजे हा सगळा फिरण्याचा कार्यक्रम त्या एका बाईला सोबत मिळावी म्हणून होता. तीन हजार वर्षांचे धोंडे फक्त निमित्त.

"आता गुडघे जाऊन राहिले," तो म्हणाला. "या सालभर वल्हं चालन, लय त पुढच्या साली. पोरगा निकेश चिखल्याले खानीत हाय. तेले म्हनलं, त तो म्हने, बाबा, दगडासाठी कोन ये-जा करन. तेचंबी खोटं नाई. पन माया मांगं तिच्यापाशी कोन येईल, हेच एक सुटून नाई राहिलं."

मग त्यानं विचारलं, "त्या नागपूरच्या घरात मानसं येतीन का जी?"

"येतील की. शाळेची पोरं येतील, सुटीच्या दिवशी तर गर्दी होईल."

परतीच्या वाटेवर तो डोंगा वळवताना च्यक् च्यक् करायलाही विसरला. मी मनात म्हटलं, आनंदराव, तुझ्या नावाच्या पाटीपायी तू या माणसाचं काळीज उचलून न्यायला निघालास. मला माझी लाज वाटली. घरी आल्यावर चंद्रकुमारला फोन करावा म्हणून चारदा फोन हातात घेतला आणि चारदा खाली ठेवला. पाटी डोळ्यांसमोरून हलत नव्हती, हेही खरंच सांगतो.

मार्च लागता लागता चंद्रकुमार परवानगीचा कागद, दोन मजूर आणि गोणपाटं घेऊन आला. मीही होतो. काठावर धनीराम आधीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. थोरल्या डोंगरीवर चढलो तर दगड घासून धुतलेला, सातही खळग्यांना हळदकुंकू. चंद्रकुमार भराभर फोटो काढू लागला. "लोक अजून पूजा करतात, काका! परंपरा बघा किती जुनी!"

मजुरांनी सब्बल दगडाखाली घातली. धनीराम पुढे झाला, दगडावर तळहात ठेवला आणि पुटपुटला, "चाल वो आता, मानसायत चाल."

मला ते ऐकू आलं. पण मी त्याचा अर्थ लावायला थांबलो नाही. मला दिसला तो हुंदका गिळणारा म्हातारा, आणि मी भडाभडा सगळं बोलून टाकलं. टोऱ्या, गल्लीतल्या बाया, तेरवी, चारदा सरकवलेला दगड. "अरे, बारा-तेरा वर्षांपूर्वी आलाय हा दगड इथे," मी ओरडलो, "सप्तर्षी नाहीत, मोहटोल्याच्या बाया आहेत त्या!"

चंद्रकुमारचा चेहरा पडला. त्यानं धनीरामकडे पाहिलं. धनीराम खोटं बोलू शकला असता. तो नुसता खाली बघत राहिला, आणि तेवढ्यानं काम भागलं. चंद्रकुमार मुलगा भला आहे. त्यानं कागदाची घडी केली, धनीरामला नमस्कार केला, "तुमची वस्तू तुमच्याजवळच राहू द्या, काका," म्हणाला आणि मजुरांना सब्बल काढायला लावली.

त्यांना काठावर उतरवून धनीरामला दगड पुन्हा नीट बसवायला जायचं होतं. मी सोबत गेलो. मला शाबासकीची अपेक्षा होती, उगाच कशाला लपवू? दगड बसवून झाल्यावर म्हटलं, "धनीरामभाऊ, वाचला बुवा दगड."

त्यानं हात झटकले. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"काहून सांगतलं जी तुमी?"

मी हातावरची माती पुसायला लागलो.

"मी दोन मयने तिले सांगून राहिलो होतो, का तुले आता मोठ्या घरी धाडतो. तिथी रोज लेकरं येतीन, कलकल करतीन. माया गुडघ्याची आता फिकीर नाई." तो दगडाकडे पाहत होता. "पाटीवर काय लिवलं असतं, तिले कोठी वाचता येत होतं."

मी दगडासमोर बसलो. जन्मभर कोणाच्या मनात शिरलो नाही आणि ज्या दिवशी शिरायला गेलो त्या दिवशी चुकीच्या दारातून शिरलो. माफी मागितली. चंद्रकुमारला पुन्हा सांगतो म्हटलं, पण आता त्याचा उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग तोंडाला येईल ते बोललो.

"मी येत जाईन धनीरामभाऊ. दर रविवारी. तुमचं वल्हं थांबलं तर दुसऱ्याच्या डोंग्यातून येईन. बसेन इथे. बोलत जाईन."

आणि खरंच, त्या दगडापाशी बसून मी पहिल्यांदाच बोललो. फॅक्टरीचं, शहापूरच्या खोलीचं, संध्याकाळी सहा वाजले की काय करावं ते कळत नाही त्याचं. बराच वेळ बोललो. धनीरामनं सगळं ऐकून घेतलं.

मग त्यानं विचारलं, "आनंदराव जी, तुमचं वय का हाय?"

"अडुसष्ट."

"मले सहासष्ट," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकवून उठला.