सदोष भातवध

भात करपला की टिपणीस वकील ताट बाजूला सारत आणि लेकीला विचारत, "हेतू होता, की नुसतं दुर्लक्ष?" लेक म्हणे, फोन आला होता. मग निकाल लागे. "खून नाही. सदोष भातवध. सगळ्यांनी दही घालून खावं." नातू वैतागून इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणे, "आबा, इट्स ओन्ली राइस, लाह." त्याच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका बसे.

त्यांची हयात साताऱ्याला फौजदारी खटले लढवण्यात गेलेली. आता व्हिजिट पासची मुदत असेल तेवढे दिवस ते इथे परदेशात, मरीन परेड भागात लेकीकडे, आमच्याच इमारतीत राहत. रविवारी सकाळी खालच्या बाकावर भेटत. कुठल्याही भांडणाची हकीकत सांगा, ते आधी पायरी विचारत. नुसतं खरचटलं की हाड मोडलं? दात पडला तर थेट गंभीर दुखापत, मग तो आधीपासून हलत का असेना. "शिक्षा पायरीवर ठरते, सुलभाबाई. तुमच्या रागावर नाही."

मला ते पटत नसे. मी इचलकरंजीची. इथे येऊन लोकांच्या कॉन्डोचे पडदे शिवता शिवता दुकानापर्यंत पोचले, ते घासाघीस करून आणि प्रसंगी तोंड सोडून. माझ्या मते लबाड माणसाला एकच पायरी, शेवटची. आणि लबाड मला माहीत होता. पाया लेबार भागातल्या मॉलमधला आमचा गाळा माझा भागीदार डेव्हिड याने एका शनिवारी परस्पर स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घेतला. भिंतींचा रंगसुद्धा मी निवडलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर बसून त्याला मेसेज लिहीत होते. डेव्हिड इथलाच, म्हणून इंग्रजीत. वकिलांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी म्हणाले, साधंच आहे, जीव घेईन तुझा.

"हे मराठीत झालं. मुलाने दूध प्यायलं नाही तरी आई हेच म्हणते. आता लिहिलंय तसं वाचा."

मी वाचलं, "आय विल किल यू." वाचताना माझाच आवाज उतरला.

मग त्यांनी समजावलं. धमकीच्या दोन पायऱ्या. साधी असेल तर शिक्षा कमी. जिवे मारण्याची असेल तर इथे दहा वर्षांपर्यंत. कलम दोन्हीकडे एकच, पाचशे सहा, साहेबाने एकाच साच्यातून काढलेलं. फक्त आपल्याकडे सात वर्षं. "मराठीत राग, इंग्रजीत कलम. त्याने हे नुसतं पोलिसांना दाखवायचं. मग तुमचा इथे कायम राहण्याचा पीआर, नवं दुकान, सगळं विसरा."

मी घासाघीस सुरू केली. 'बघून घेईन' चालेल? नाही, त्यालाही धमकीचा वास आहे. हात मोडीन? हाड आलं, पायरी वाढली. मग शिवी तरी? लेखी नको. बराच वेळ आम्ही असे एकेक शब्द खाली उतरत होतो. शेवटी मी चिडून म्हणाले, मग एवढंच लिहिते, मी हे विसरणार नाही.

"हे पाठवा," वकील म्हणाले. "स्मरणशक्तीवर कलम नाही."

तेवढंच पाठवलं. वर्षभरात त्याच मॉलमध्ये, एक मजला वर, मी नवा गाळा घेतला. डेव्हिड सरकत्या जिन्यावर दिसला की मान खाली घालतो. मी घालत नाही.

त्या खेपेला पासची मुदत संपून वकील साताऱ्याला निघाले, तेव्हा टॅक्सीपाशी मी म्हणाले, अजून त्याचा जीव घ्यावासा वाटतो. ते हसले. "तुमचा राग जामिनावर सोडलाय. दर रविवारी हजेरी लावायची." तेव्हापासून दर रविवारी मी साताऱ्याला फोन करी. ते म्हणत, "आरोपी हजर?" मी म्हणे, हजर.

गेल्या पावसाळ्यात ते वारले. जामीन कुणी रद्द केलेला नाही. रविवारी सकाळी मी खाली त्या बाकावर जाऊन बसते. हजर, म्हणते. मराठीत.