उपाशी गोधडी

ह्यांचा फोन आला तेव्हा मी पडवीत वाल निवडत बसले होते. "शैला गेली," एवढंच म्हणाले... मागून इस्पितळातल्या ट्रॉलीची खडखड तेवढी ऐकू येत राहिली. शैला म्हणजे माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या ह्या घरात आले तेव्हा ती शाळेत होती, आणि अलीकडची कितीतरी वर्षं ती आमच्याच वरच्या खोलीत राहत होती. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच वाल घेऊन बसले होते, तर मोबाइलवर मुंबईच्या एका मोठ्या संस्थेचा निरोप आला. संस्थेचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. दुःख वगैरे व्यक्त करून झाल्यावर खाली लिहिलं होतं, की शैलाताईंची गोधडी आमच्या संग्रहात अत्यंत सुरक्षित आहे. सोबत गोधडीचा फोटो. सुरक्षित म्हणे! मी फोन सुपात आपटला आणि अर्धे वाल पडवीभर केले.

भावजय नणंदेवर लिहायला बसली म्हटल्यावर आता गोडवे गाणार असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. शैला हट्टी होती, पसारेवाली होती, आणि तिच्या सुया माझ्या तळपायात किती वेळा घुसल्या ते माझं मला माहीत. एरवी मी तिला नावानं हाक मारायची, पण पाय रक्ताळला की "अहो वन्सं!" असा जिन्यातून पुकारा व्हायचा आणि ती वरून हसत सुटायची. मुंबईत ती आधी वस्त्रकला शिकली, मग समाजशास्त्र. सासूबाई विचारायच्या, "गोधड्या शिवायला एवढी कॉलेजं कशाला गं?" खरं तर शिवणं आणि माणसांचा अभ्यास ही तिच्या लेखी दोन कामं नव्हतीच. ती म्हणायची, "वहिनी, वही काढून प्रश्न विचारले की माणसं शहाण्यासारखी उत्तरं देतात. त्यांच्याबरोबर शिवायला बसलं की मग खरं बोलतात."

पेणच्या गणपतींचं कौतुक साऱ्या जगाला. पण मूर्ती साच्यातून निघाल्यावर तिला पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत कोण करतं, हे कुणी विचारत नाही. शैलानं ते विचारलं. सकाळच्या एसटीनं ती पेणला जायची आणि एका कारखान्यात घासकाम करणाऱ्या बायकांमध्ये बसायची. संध्याकाळी परतायची ती केसांपासून चपलेपर्यंत पांढरी होऊन. त्या बायकांनी कामावर घालून घालून विटवलेले कपडे तिनं मागून घेतले... कुणाचा गाऊन, कुणाची ओढणी, कुणी साडीवरून घालते तो नवऱ्याचा जुना शर्ट. ज्या बाईचा तुकडा, त्यावर तिचंच एखादं वाक्य दोऱ्यानं भरायचं, आणि सगळ्यांनी मिळून जेवणाच्या सुट्टीत टाके घालायचे. सुगंधा नावाच्या बाईचं वाक्य मला अजून पाठ आहे: "देवाचं प्वाट मी घासलं, डोळं काढाया मना देत नाय." मूर्तीचे डोळे रंगवायचं मानाचं काम पुरुषांकडे. ही सुगंधा तिथली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फटकळ. कपडे द्यायच्या आधी तिनंच अट घातली होती की गोधडी मुंबईला दाखवायची तर दाखव, पण मग ती परत आली पाहिजे. आम्ही ती पाळीपाळीनं घरी नेणार आणि पांघरणार. शैलानं शब्द दिला.

शेवटचा कोपरा शिवायच्या दिवशी मीही गेले होते. सुगंधानं आपल्या डब्यातल्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि कोपऱ्यात सरकवला. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "आमच्यात गोधडी उपाशी शिवत नाय गो. उपाशी गोधडी ऊब देत नाय." मग सगळ्या बायकांनी त्या कोपऱ्याला एकेक टाका घातला. शैलाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो मी नंतर कधी पाहिला नाही.

गोधडी मुंबईला गेली आणि तिकडचीच झाली. निरोप पाठवणाऱ्या त्याच संस्थेनं ह्या कामाचा खर्च केला होता, म्हणून वस्तूही संस्थेची! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, त्यातला प्रकार. कपडे बायकांचे, टाके बायकांचे, आणि भाषणं करणारे भलतेच. शैलानं खेटे घातले, भांडली, विनवण्या केल्या. तिकडचं उत्तर ठरलेलं... ही आता मौल्यवान कलाकृती आहे, ती लोकांनी अंगावर घेऊन कसं चालेल? शेवटी, निदान बघता तरी येईल, म्हणून तिनं गाडी ठरवून सगळ्याजणींना मुंबईला नेलं. मीही बरोबर होते. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. थंडगार दालनात गोधडी काचेमागे टांगलेली. सुगंधानं आपला तुकडा शोधला आणि काचेवर बोट ठेवलं, तसा पहारेकरी ओरडला, "हात नाही लावायचा!" तिनं हात मागे घेतला, पण नजर खालच्या कोपऱ्यावर गेली. कोपरा चपटा दिसत होता आणि त्याचा दोरा पांढराशुभ्र होता, आमचा नव्हता.

तिथल्या अधिकारी मुलीनं फार गोड आवाजात समजावलं. आत खाण्याचा पदार्थ निघाला, त्यानं कीड लागते, म्हणून आम्ही टाके उसवून तो काढला आणि पुन्हा नीट शिवलं. "काळजी करू नका," असंही म्हणाली. सुगंधानं तिच्याकडे पाठ केली. शैलाकडे वळून म्हणाली, "तू बोल्ली व्हतीस, परत आनीन म्हनून. आनि ह्यांनी तिला उपाशी टांगलीय." परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणं म्हटलं नाही की कुणी शैलाकडे पाहिलं नाही. पुढे ती कारखान्यात जायची तेव्हा तिला चहा मिळायचा, बसायला पाटही मिळायचा, पण बोलणं कुणी वाढवत नसे. जिच्या हातात सुई बघून बायका बोलत्या व्हायच्या तिच्यापुढे त्या गप्प झाल्या. संस्थेनं तिला शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि तिची माणसं काढून घेतली. मला ह्याची चीड येते, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

आजार कळला तेव्हा शैलानं दुसरी गोधडी काढली. ह्या खेपेला कपडे स्वतःचे आणि आमचे... तिचे कुडते, ह्यांचा धाटावच्या कंपनीतला युनिफॉर्म, माझ्या लग्नातलं लुगडं. "त्यांची आणता आली नाही, तर आपली देऊ," म्हणायची. औषधांनी बोटं बधिर झाली होती. टाके वाकडे पडायचे, ती उसवायची आणि पुन्हा घालायची. मी म्हटलं, दे, मी करते, तर हात झटकला. शेवटचं इस्पितळात नेताना जिन्यात थांबून म्हणाली, "वहिनी, एक कोपरा उघडा आहे. तू शिवू नकोस."

तेराव्यानंतर मी गोधडी घेऊन पेणला गेले. सुगंधाला सगळं सांगितलं. तिनं हातावरची पांढरी धूळ पदराला पुसली, गोधडी मांडीवर घेतली आणि ते वाकडे टाके बराच वेळ बोटांनी चाचपले. डोळे पुसले. मग डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडला, कोपऱ्यात घातला, सुई मागून घेतली आणि बाकीच्या बायकांना हाक मारली. एकेक टाका घालून झाल्यावर मला वाटलं, संपलं, शैला सुटली. पण सुगंधानं गोधडीची घडी केली आणि माझ्याच हातात ठेवली. "ही तुज्या घरची हाय, बाय. ही तू पांघर. आमची आमाला आनून दे."

गोधडी घेऊन मी निघाले. एसटीत रोह्यापर्यंत ती मांडीवर घेऊन बसले. संस्थेला मी लिहिलं आहे, अजून लिहीन. त्यांचं उत्तर काय येणार ते मला माहीत आहे.

आता गोधडी वरच्या खोलीत शैलाच्या पलंगावर असते. काल झाडायला गेले तर खिडकीपासून पलंगापर्यंत मुंग्यांची ओळ लागली होती, थेट त्या कोपऱ्यापर्यंत. हे पावडरीचा डबा घेऊन धावत आले. मी दारातच आडवी उभी राहिले. म्हटलं, खबरदार.