तळ्याकाठी कलंडलेलं घर

कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर माझ्या मिस्टरांनी एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस विकत घेतली. आम्ही राजूरला राहायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे, आणि वर्षभर आधीच घरी बसले होते. मला वाटलं, हे ती भाड्यानं चालवतील.

"भाड्यानं कायले?" हे म्हणाले. "घर करतो तिचं. जिथं वाटन तिथं उभं करू."

लोहाऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये सीटा काढल्या, टपावर पाण्याची टाकी बसवली. बाकीचं यांनी घरीच केलं. समोरासमोर दोन बाकं, त्यावर गाद्या, मध्ये शेगडी ठेवायला ओटा. मागच्या बाजूला संकटकाळी उघडायचं दार होतं, त्याला लागून कपाट उभं केलं. ड्रायव्हरची केबिन दिसू नये म्हणून मधे प्लायवूडची भिंत ठोकली. खिडक्यांना पोरांसाठी लावलेले आडवे गज होते, ते तसेच राहिले. आत यायला-जायला डावीकडचं एकच दार उरलं. तेव्हा ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. लग्न झाल्यापासून हे घरात झोपत नसत. उन्हाळा असो की थंडी, यांची खाट अंगणात. पाऊस आला की ओसरीत. "आत घुसमटते मले," एवढंच म्हणायचे. नवी नवरी असताना मी हे माझ्यावर घेतलं. सासूनं काही बोलून दाखवलं नाही, पण शेजारच्या बाया बोलायच्या. मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या गावी गेली, तरी मनातला तो काटा तसाच राहिला. या माणसाला माझ्या खोलीत राहवत नाही, असं मी धरून चालले आणि त्यावर कधी विचारलं नाही.

थंडी संपत आली तेव्हा आम्ही पहिल्यांदा निघालो. झरी जामणीकडे, रानाच्या कडेला एक जुना तलाव आहे. पक्का रस्ता संपला की बैलगाडीची वाट, मग पाणी. जवळ एक कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथल्या एका बाईनं शेळ्या वळता वळता आम्हाला गाडी कुठे लावायची ते दाखवलं. मोबाईलला रेंज नव्हती. हे भलते खुश होते. पाण्याकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि दिवसभर बसायचं. मासे पकडत नव्हते, वाचत नव्हते, बोलत नव्हते.

मला मात्र दुसऱ्याच दिवशी कोंडल्यासारखं झालं. गाडीत उभी राहिले की एक हात ओट्याला लागायचा, दुसरा गजाला. बाहेर जावं तर वाघाची भीती, कारण त्या बाजूला वाघ फिरतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात हे झोपताना दार सताड उघडं ठेवायचे.

"लावा ना ते दार," मी म्हणायची.

"राहू दे. हवा येते."

"वाघ आला म्हणजे?"

"मिनीबसमधे कायले येईन तो?"

चिडून मी भिंतीकडे तोंड करायची. इथे तर अंगणही नव्हतं. आणलं कशाला मला, असं वाटायचं.

मग अवकाळी पाऊस आला. सकाळपासून भुरभुर होती, दुपारी जोर धरला. आम्ही उभे होतो ती जमीन काळी, कपाशीच्या शेतासारखी. ती पाणी प्यायली की चाकाला सोडत नाही. हे म्हणाले, गाडी थोडी वर घेऊ. केबिनमध्ये जाऊन त्यांनी इंजिन चालू केलं, मी आत मागे बसले. चाकं नुसतीच गरगर फिरली. मग गाडी आडवी घसरली आणि डावीकडच्या जुन्या चरात कलंडली. पूर्ण उलटली नाही, पण ओट्यावरची भांडी माझ्या पायाशी आली. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. हे केबिनमधून उतरून धावत आले, डावीकडचं दार कसंबसं ओढून आत शिरले आणि गारा आत येतात म्हणून मीच ते ओढून लावलं.

त्यानंतर गाडी आणखी बसली. आम्हा दोघांना ती खाली जाताना कळली. हळूच, कुणीतरी मांडी घालून बसावं तशी. यांनी दार ढकललं. ते हललं नाही. चराच्या काठाची माती दाराला भिडली होती.

"उघडून नाई राह्यलं," हे म्हणाले.

"थांबा, पाऊस उघडू द्या. मग बघू."

हे थांबले नाहीत. खांद्यानं दाराला धडका देऊ लागले. टपावर गारांचा असा आवाज होता की मला यांचं बोलणं नीट ऐकू येईना. मग धडका थांबल्या. पाहते तर हे खाली बसलेले, दोन्ही हातांनी गज धरलेले, तोंड खिडकीला लावलेलं. अंगाला घाम. थंडीत घाम. छाती भात्यासारखी चालत होती.

मला वाटलं, हार्ट अटॅक. मी पाठ चोळायला गेले तर यांनी हात झटकला.

"हात नको लावू. हवा नाई भेटून राह्यली मले. काढ मले इथून."

माझ्या नवऱ्यानं आजवर मला कधी काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा उठून स्वतः घ्यायचे.

हत्यारं केबिनमध्ये, प्लायच्या पलीकडे. मी कपाटाकडे वळले. कपडे, डाळ-तांदळाचे डबे, बाबासाहेबांची लहान तसबीर, सगळं गादीवर टाकलं. कपाटाचं मागचं फळकुट पातळ होतं. आधी उलथण्यानं उचकटायला पाहिलं, ते वाकलं. मग मी बाकाच्या कडेला पाठ टेकली आणि दोन्ही पायांनी लाथा मारल्या. आयुष्यभर वर्गात पोरांना शिस्त लावली, पण एवढ्या जोरानं कशालाच लाथ मारली नव्हती. फळकुट फुटलं. हात आत घालून मागच्या दाराची कडी ओढली, तर तीही गंजलेली. दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा सुटली.

"या," मी म्हणाले. "खाली वाकून या."

हे रांगत आले. कपाटाच्या चौकटीतून आम्ही दोघं चिखलात पडलो. गारा पाठीवर बसत होत्या. हे उताणे झाले आणि तोंड उघडून तसेच पडून राहिले.

गारा ओसरल्यावर आम्ही पळसाखाली प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर धरून बसलो. मी काही विचारलं नव्हतं. यांनी आपणच सांगितलं. लग्नाच्या थोडंच आधी, खाणीत, यांच्या पुढ्यात छत कोसळलं होतं. हे आणि एक जोडीदार ढिगाऱ्यामागे अडकले. दिव्यांची बॅटरी संपली. दोघं एकमेकांच्या पायाला धरून बसले होते. बाहेर काढलं तेव्हा कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, म्हणून कुणी फारसं विचारलं नाही. जोडीदार काम सोडून गावी शेती करायला गेला. हे दुसऱ्या पाळीला परत खाली उतरले.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मले खाणीतली नोकरी करू देली असती?"

खरं म्हणजे मला दया यायला हवी होती. पण राग आला. इतकी वर्षं मी स्वतःला नकोशी समजत होते, आणि कारण भलतंच होतं. मी तसं बोललेही. शेजारणींचं बोलणं, रात्रीचं खोलीतलं एकटेपण, सगळं.

"तुले असं वाटत होतं हे मले ठाऊकच नव्हतं," हे शेवटी म्हणाले. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलत नव्हते. त्यानं राग कमी झाला नाही, पण भांडायला जागाही उरली नाही.

अंधार पडायच्या आत आम्ही पोडावर गेलो. शेळ्यावाल्या बाईनं आपल्या मांडवात जागा दिली, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. वाटेतल्या नाल्याला पूर होता, चिखल वाळेपर्यंत कुठे जाता येणार नव्हतं. तिथल्या कुडाच्या भिंतीतून पलीकडचा उजेड दिसायचा. हे तिथे मजेत झोपले. झोप मलाच लागत नव्हती. अडकलेलं आता माझं काहीतरी होतं. मी दिवसभर त्या बाईबरोबर शेळ्यांमागे फिरायची. तिला कोलामी जास्त, मराठी कमी. एकदा तिनं विचारलं, "मालकावर रागावली का?" मी म्हणाले, "हो." ती म्हणाली, "मंग रागाव. इथून कुठं जातो तो?" मी खूप दिवसांनी हसले.

वरची माती वाळली तेव्हा पोडातल्या माणसांनी चाकांखाली दगड आणि पळसाच्या फांद्या घातल्या, दोन बैलजोड्या लावल्या. गाडी एका झटक्यात निघाली नाही. ती निघाली दुपारपर्यंत, रडत-कुढत. हे म्हणाले, "इकून टाकू हिले." मी म्हणाले, "आधी गज कापा. मग पाहू."

परतताना मी यांना जोडीदाराचं गाव विचारलं. वाटेपासून फार लांब नव्हतं. हे नको म्हणत होते. मी म्हणाले, एवढं तरी माझं ऐका.

तो माणूस निंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. यांना ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखलं तसं उठून उभा राहिला, "जयभीम" म्हणाला आणि यांचा हात धरला तो सोडेचना. त्याच्या बायकोनं चहा केला. मी वाट पाहत होते, आता तो विषय निघेल. पण दोघं रानडुकरांनी तुरीचं केलेलं नुकसान, गुडघेदुखी आणि यंदाची कपाशी यांवरच बोलत राहिले. खाणीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. निघताना त्यानं हिरव्या हरभऱ्याची जुडी हातात दिली. यांनी एक घाटा सोलला, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि गाडी चालू केली.