पंचावन्न किलोचा कोपरा

काळुराम चढाईवाल्याचा घोटा धरायचा आणि घोटा काळुरामला घेऊन जायचा. मधल्या रेषेपर्यंत ओढत, पोटावर, मातीसकट. पेणच्या कबड्डीच्या मैदानात पोरं ओरडायची, "चला, विसर्जन झालं." पुढं आलेलं गोल पोट, त्याखाली शेवग्याच्या शेंगांसारखे पाय. त्यामुळं संघात त्याचं नाव पडलं गणपती.

वडखळच्या खाडीकडच्या गावातला हा गडी. बाप मिठागरात राबला, हा धाटावच्या कंपनीत शिफ्टला लागला आणि मिठाची टोपली उचलायची सवय गेली. शिफ्टमधे पाच चहा, तीन बटाटावडे. घरी आला की खाऊन आडवा. तरी पंचावन्न किलो वजनी गटात डावा कोपरा त्याचाच, कारण लग्नाआधी त्यानं त्या कोपऱ्यात नाव काढलं होतं. या गटात काटा पंचावन्नच्या वर गेला की खेळाडू घरी. म्हणून सामन्याच्या आधी दोन दिवस अख्खा संघ उपाशी बसायचा. त्याला पोरं 'तोलाची एकादशी' म्हणायची. काळुराम एकादशी पाळायचा, पंचावन्नात बसायचा आणि मैदानात भोवळ येऊन घोट्यामागं जायचा.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत संघाचे प्रमुख हैबतराव त्याच्या ओट्यावर येऊन बसले. स्वतः नव्वद किलोचा माणूस, पण त्यांना तोलायची कुणाच्या बापाची छाती नव्हती.

"काळू, चैतात रामवाडीला सामने हायेत. या टायमाला वाहून गेलास तर कोपरा माज्या भाच्याला."

"मंग अंगात ताकद आणतो. खातो."

"खा. आणि पंचावन्नच्या वर गेलास तरी भाचाच हाय."

ते गेले. काळुराम भिंतीला टेकून बसला. कंपनीत त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं, टोकन नंबरानं ओळखायचे. कोपरा गेला म्हणजे उरला तो नंबरच.

बायको सरू दाराआडून ऐकत होती. ती रोह्याच्या आतल्या गावची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरची.

"अवो, आमचा बाबा नांगराच्या बैलाला उपाशी ठेवत नाय. आणि आंबोणाची पाटी पुढ्यात टाकून मोकळाबी होत नाय. जेवढं काम, तेवढं आंबोण."

"मी बैल हाय काय गो?"

"बैल ऐकतो."

दुसऱ्या दिवसापासून वडे बंद. डब्यात मोड आलेल्या वालांचं बिरडं, दोन तांदळाच्या भाकऱ्या, सुकट. शिफ्टवरून आला की दोन उकडलेली अंडी. भात मोजून, पण पोटभर. उपाशी उठू द्यायची नाही आणि दुसऱ्यांदा पातेल्यात हात घालू द्यायची नाही. पौषात मिठागर सुरू झालं तसं शिफ्ट सुटली की तिनं त्याला त्याच्याच बापाच्या मागं धाडलं. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन मीठ पिकतं त्या कोंडीतून बांधावर, बांधावरून परत कोंडीत. पहिल्या आठवड्यात त्याला संडासला बसता येईना. उभ्या उभ्या शिव्या घालायचा, सासऱ्याला आणि त्याच्या बैलांना.

दर अमावास्येला तो पेणच्या पोह्याच्या गिरणीत वजन करून यायचा. पंचावन्न. पुन्हा पंचावन्न. होळीला तो वैतागला.

"एवढं खाल्लं, एवढं मीठ वाहिलं. काटा हलला नाय. फुकट गेलं सगळं."

सरूनं खुंटीवरची सुतळी काढली. दिवाळीत तिनं त्याच्या मांडीचं माप घेऊन गाठ मारली होती. आता मांडीला गुंडाळली तर टोक गाठीला पोचेना, दोन बोटं कमी पडली.

"वजन तेवढंच. पोटावरचं मांडीवर गेलंय. काटा काय सांगणार? काट्याला पोतंबी सारखं नि माणूसबी सारखं."

सामन्याची सकाळ उजाडली. बाकीचे सहा जण दोन दिवसांचे उपाशी. काळुराम रात्री बिरडं-भाकरी खाऊन आलेला, हैबतरावांपासून लपवून. निघताना सरूनं त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला. कमरेला आधीच चांदीचा करगोटा होता, सासऱ्यानं लग्नात घातलेला. जावयानं काढू नये म्हणून सोनाराकडून आकडाच जोडून घेतलेला.

"चांदी नडली तर काढा. पण कंबर मोकळी ठेवू नका," सरू हळूच म्हणाली. करगोटा मेल्या माणसाचा उतरवतात. तिच्या सासूनं, धोंडुबाईनं पाहिलं असतं तर सामन्याआधी घरातच सुतक धरलं असतं.

तोल पेणच्या त्याच गिरणीच्या काट्यावर होता. सगळे लंगोटावर. काळुराम चढला आणि दांडी वर आपटली. पंचावन्नला शंभर ग्रॅम जास्त.

हैबतरावांनी भाच्याकडं बघितलं. भाचा सदरा काढायला लागला.

"थांबा. चांदी काढतो," काळुराम म्हणाला.

"जोडलाय ना तो? तुज्या पोटावरून सात जन्मात उतरायचा नाय," हैबतराव म्हणाले.

काळुरामनं करगोटा खाली ओढला. लग्नानंतर पोटावर रुतून बसलेला तो करगोटा सरकन खाली घसरला. आणि मांड्यांवर अडकला. खाली जाईना, वर येईना. पंच तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. हमालांनी काम थांबवलं. शेवटी गिरणीवाल्यानं यंत्राच्या तेलाचा डबा आणला. दोन हमालांनी दोन बाजूंनी ओढला, मांडीवरचे केस गेले, करगोटा निघाला. तेल पुसून काळुराम पुन्हा काट्यावर चढला. दांडी मधोमध थरथरत राहिली.

"पंचावन्न," पंच म्हणाले. भाच्यानं सदरा परत घातला.

शेवटच्या सामन्यात शेवटची चढाई समोरच्यांची होती आणि एक गुण आपल्याकडं जास्त. चढाईवाला थेट गणपतीकडंच आला, प्रसाद ठरलेलाच होता. काळुरामनं घोटा धरला. गड्यानं सवयीनं हिसका दिला आणि रेषेकडं झेप घेतली. मागून काहीच आलं नाही. पाय टोपलीखाली रोवायचे तसे काळुरामनं रोवले होते. गड्याची बोटं रेषेपासून वीतभर अलीकडं माती उकरत राहिली आणि त्याचा दम संपला.

"उचला रे गणपतीला," हैबतराव म्हणाले.

चौघं धावले. दोघांनी मांड्या धरल्या, दोघांनी खांदे. गुडघ्यापर्यंत उचलला आणि चौघंही त्याच्यासकट मातीत बसले.

"लई जड झालास रे," हैबतराव म्हणाले.

"पंचावन्नच हाय," काळुराम खालून म्हणाला. "सकाळी तुमच्याच समोर तोललं. पोरांना आधी जेवायला घाला."