टॉवेलवरचे चिमटे

वायरमनची बायको लॉन्ड्रीत कामाला होती. ओल्या चादरी वाळत घालून तिचे हात इतके सराईत झाले होते, की गप्पा मारता मारता ती चिमटे लावायची, काढायची आणि तिकडे बघायचीसुद्धा नाही. पाण्यात उतरायची मात्र तिला मनापासून भीती. घोट्यापर्यंत म्हटलं तरी नको.

तरी आठवड्यातून तीन दिवस सकाळी ती पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसायची, कारण नवरा पाण्यात असायचा. गेल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. माणूस हाताला लागला, पण अंगात दम राहिला नाही. अर्धं आयुष्य विजेच्या खांबांवर काढलेल्या या गड्याला साहेबांनी तक्रारींच्या फोनवर बसवलं. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन तो संध्याकाळी इतका गप्प घरी यायचा, की बिचारीला भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. उन्हाळा संपता संपता चाचणी होती. पट्टा बांधून खांबावर चढायचं, वर काम करायचं आणि धाप न लागता उतरायचं. जमलं तर जुनं काम परत, नाही तर फोन कायमचा.

डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. तलावावर शिकवणाऱ्या बाईंना सगळे कोचबाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एका दिवसात पराक्रम गाजवू नका. तुमच्या वयाच्या माणसाला दम वाढवायचा तर आठवड्याला दोन किलोमीटर तरी पोहायला हवं, तीन दिवसांत वाटून. तेही हळूहळू. तिथे रुळलात की पुढचं बघू."

फेऱ्या पोहणाऱ्याने मोजायच्या नाहीत, हाही त्यांचाच नियम. त्याने आपला श्वास सांभाळावा, मोजणी काठावरच्या माणसाची. मग बायकोने घरातले चिमटे आणले. टॉवेलच्या एका काठाला सगळे लावायचे. तो पलीकडे जाऊन परत आला, की एक चिमटा दुसऱ्या काठाला. सगळे तिकडे गेले की त्या दिवसाचं पोहणं संपलं.

सुरुवातीला सगळं सरळ चाललं. मग एके दिवशी तो मध्येच भिंतीला धरून थांबला. ओठ पांढरे पडलेले, छाती वरखाली होतेय. दवाखान्यातली ती खाट तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"किती राहिले गं?" त्याने विचारलं.

तिच्या हाताने न बघताच दोन-तीन चिमटे पलीकडे नेले. "झालंच की," ती म्हणाली.

त्या दिवसापासून हाताला ती खोडच लागली. कोचबाई दुसऱ्या टोकाला नवशिक्यांच्या गडबडीत असायच्या, आणि नवऱ्याचा तर बायकोवर डोळे मिटून विश्वास. असा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला फसवणं फार सोपं असतं, आणि फसवणाऱ्याला रात्री झोप लागत नाही.

दीडेक महिन्यानंतर दोघं बाजारातून आले. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर त्याने पिशवी टेकवली आणि पायरीवर बसला.

"दर आठवड्याला दोन किलोमीटर पोहतोय," तो म्हणाला. "न चुकता. तरी ही गत. माझी छातीच गेली कामातून. उद्या साहेबांना सांगून टाकतो, फोन तर फोन."

तो चिडून बोलला असता तर तिला सोसलं असतं. ती त्याच्या शेजारी बसली.

"तुमची छाती धडधाकट आहे हो. माझा हात गेलाय कामातून," ती म्हणाली, आणि चिमट्यांचं सगळं सांगून टाकलं. "तुम्ही थांबलात ना तसे, की मला वाटतं, आता हा माणूस माझ्या हातून जातोय."

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिना चढत आले. दोघांनी गुडघे आखडून त्यांना वाट दिली. ते गेल्यावर त्याने पिशवी जवळ ओढली. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"म्हणजे मी पोहलो किती?"

"निम्मं. कधी त्याहून थोडं जास्त."

त्याने जिन्यावरून खाली पाहिलं. दवाखान्यातून आला तेव्हा पहिल्या मजल्यापासूनच दोन शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून वर नेलं होतं.

"निम्म्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो होय मी?" तो म्हणाला.

सगळं ऐकल्यावर कोचबाईंनी तिला चार शब्द सुनावले आणि त्यालाही दम दिला, की आता एकदम दुप्पट नाही, वाढवायचं ते एकेका चिमट्याने. चाचणीला अजून महिना होता.

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा भिंतीला धरून थांबला. ओठ तसेच, धाप तशीच.

"किती राहिले?"

तिचा हात टॉवेलकडे गेला. तिने मूठ घट्ट आवळली.

"तीन," ती म्हणाली. या वेळी आकडा खरा होता.

त्याने मान हलवली, जरा श्वास घेतला आणि भिंतीला पाय लावून निघाला. पलीकडे जाऊन तो परत आला, तेव्हा वायरमनची बायको चपला काठावर टाकून, तलावाच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी होती. टॉवेल उराशी धरून तिने एकच चिमटा पलीकडे लावला.