दुपारी उघडणारी गाडी

"हिला सायरन बसवून दे," म्हणत अप्पांनी चावी माझ्या काउंटरवर ठेवली. "चोरानं हात लावला की वाजला पाहिजे."

उदगीरहून लातूरपर्यंत अप्पा स्वतः गाडी चालवत आले होते. मला नवल वाटलं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि अकरा वर्षं त्यांची गाडी बालाजीच चालवायचा. तो कुठंय म्हणून विचारलं, तर काढून टाकला म्हणाले.

दुकानासमोर लावलेली गाडी दोनदा अनलॉक सापडली होती. दोन्ही वेळा बालाजीला बोलणी बसली. तिसऱ्यांदा गाडी नांदेडला होती. अप्पांच्या मुलीच्या ॲडमिशनची कागदपत्रं तपासायची होती. मधल्या सुट्टीत सगळे जेवायला गेले आणि ओरिजिनल मार्कशीटची बॅग सीटवर राहिली. परत येऊन बघतात तर चारही दरवाजे अनलॉक, बॅग गायब. रिमोटनं लॉक केलं होतं, खट् आवाजही ऐकला होता, असं बालाजी परत परत सांगत होता. अप्पांनी त्याला तिथूनच एसटीनं घरी पाठवलं.

ते लॉक मीच बसवलेलं. कंपनीकडून गाडी साधी आली होती, वर्षापूर्वी मी तिला सेंट्रल लॉकिंगचं किट लावून दिलं. यात प्रत्येक दरवाजात एक छोटी मोटर असते, ती लॉकची दांडी वर-खाली करते. सगळ्या मोटरी डॅशबोर्डखालच्या एका डबीचं ऐकतात. ड्रायव्हरच्या दरवाजातून त्या डबीकडे एक बारीक वायर जाते. ती गाडीच्या पत्र्याला टेकली, म्हणजे अर्थ मिळाला, की डबीला वाटतं कुणीतरी उघडायला सांगितलं.

सायरनच्या आधी लॉक बघतो म्हणालो. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, दोन्ही रिमोट ठीक. चाळीस वेळा लॉक-अनलॉक केलं, एकदाही चुकलं नाही.

"लॉकला काय झालं न्हाई," अप्पा म्हणाले. "फॉल्ट माणसात हाय."

गाडी तिन्ही वेळा कधी उघडी सापडली, ते मी विचारलं. त्यांनी आठवून आठवून सांगितलं. तिन्ही वेळा भर दुपारी. आणि आत्ता अकरा वाजले होते, गाडी माझ्या शेडच्या सावलीत होती. येणारा-जाणारा फॉल्ट शोधायचा तर तो जिथं येतो तिथं जावं लागतं. मी गाडी रस्त्याकडेला उन्हात लावली, काचा वर केल्या, लॉक केली. दोन्ही रिमोट अप्पांच्या हातात देऊन त्यांना खुर्ची दिली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

पावणेदोनला खट् झालं. दरवाजांवरच्या लॉकच्या चारही खुंट्या वर.

अप्पांनी हातातल्या रिमोटकडं बघितलं. "मी दाबलं न्हाई," ते म्हणाले.

ड्रायव्हरचा दरवाजा आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची नळी असते, सगळ्या वायरी तिच्यातून जातात. ती मी ओढून काढली. आत एक जोड होता. किटमधली वायर वीतभर कमी पडली होती, म्हणून तुकडा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. आपल्याकडच्या उन्हात टेपचा डिंक वितळला होता, टेप सरकून तांबं उघडं पडलं होतं. नळी तापून मऊ झाली की तांबं पत्र्याच्या कडेला टेकायचं. गार झाली की सुटायचं.

जोड माझा होता.

अप्पा खुर्चीवरच बसून होते. नवी वायर टाकून, सायरन बसवून गाडी दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ते खुशीत गेले असते. मिनिटभर मी तसाच वाकून राहिलो. मग त्यांना हाक मारली.

"अप्पा, हा जोड मी मारलाय. बालाजीनं लॉक केलं होतं."

शिव्या खायची मी तयारी ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून ते उघडं तांबं बराच वेळ बघितलं. मग बालाजीला फोन लावला, दोन शब्द बोलले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं.

"भाऊ, थांबा जरा," बालाजी म्हणाला. "हे माझ्या बायकोला सांगा. तिलाबी वाटायलंय मीच इसरलो म्हणून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वहिनींनी एवढंच विचारलं, "नक्की का?" मी नक्की म्हणालो.

अप्पांनी बालाजीला कामावर परत बोलावलं. तो एका शाळेची बस चालवायला लागला होता, पोरांना सवय झालीय म्हणाला. अप्पांनी फार आग्रह केला नाही. मुलीच्या डुप्लिकेट मार्कशीट आल्या, ॲडमिशन दुसऱ्या फेरीत झाली. जवळचं कॉलेज मात्र हुकलं. सायरन बसवायचा राहिला तो राहिलाच.

आता त्या नळीतून मी अखंड वायर ओढतो. जोड द्यायचाच झाला तर आत, डॅशबोर्डखाली, सोल्डर करून देतो. अर्धा तास जास्त लागतो.